पंचवीस तबकड्यांचा खुलासा

नेमबाजी मंडळाच्या भांडारातून वर्षभरात नऊ हजार सहाशे तबकड्या बाहेर गेल्या आणि त्यांतली एकही परत आली नाही, ही बाब नवे भांडार अधीक्षक रुजू झाल्याच्या चौथ्या दिवशी त्यांच्या निदर्शनास आली.

अधीक्षक त्याआधी अकरा वर्षं इस्पितळाच्या चादरी व गाद्या विभागात होते. त्या अकरा वर्षांत रुग्ण कमीजास्त झाले, चादर एकही कमी झाली नाही, असा त्यांचा लौकिक होता आणि त्या लौकिकावरच त्यांची इकडे बदली झाली होती. नेमबाजीशी त्यांचा पूर्वीचा काही संबंध नव्हता. तबकडी म्हणजे बशीएवढी, भाजलेल्या मातीसारखी दिसणारी, नारिंगी रंगाची एक वस्तू, इतकंच त्यांनी भांडारात पाहिलं होतं. खोकी उघडून त्यांनी चार-सहा हातात घेऊन पाहिल्या. सगळ्या उत्तम स्थितीत होत्या. मग गेलेल्या कुठे गेल्या, असं त्यांनी भांडारातल्या जुन्या कारकुनाला विचारलं.

कारकून म्हणाला, फुटल्या.

कशाने, या प्रश्नाला कारकुनाने बंदुकीने असं उत्तर दिलं, आणि कुणाच्या, या प्रश्नाला खेळाडूंच्या. अधीक्षकांनी पेनाचं टोपण लावलं. म्हणजे कोणी फोडल्या हे कार्यालयाला माहीत होतं आणि तरीही एकही कागद झालेला नव्हता. त्यांना गाद्या विभागाची आठवण झाली आणि क्षणभर गलबलून आलं.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः मैदानावर गेले. मैदान म्हणजे गावाबाहेरची लांबरुंद मोकळी जागा. एका बाजूला उभं राहायचे पाच ओटे, समोर खड्ड्यात बसवलेलं फेकयंत्र. खेळाडू ‘सोड’ म्हणाला की यंत्र तबकडी हवेत भिरकावतं, ती पाखरासारखी उजवीकडे, डावीकडे, कशीही सुटते आणि खेळाडूने तिला छऱ्याच्या बंदुकीने उडत्यातच टिपायची. अशा पंचवीस. पलीकडे सगळीकडे नारिंगी तुकड्यांचा सडा होता. अधीक्षकांनी वाकून एक तुकडा उचलला. त्यावर मंडळाचा अर्धा शिक्का शाबूत होता.

ओट्यावर त्या वेळी क्रेनवाली उभी होती. बंदरावर जहाजातला माल उतरवणाऱ्या उंच क्रेनवर ती सोळा वर्षं काम करत होती. तिच्या केबिनमधून खाली माणसं मुंग्यांएवढी दिसत, आणि त्या मुंग्यांच्या डोक्यावरून ती वीस-वीस टनांच्या पेट्या अलगद नेऊन ठेवी. झोके खाणाऱ्या वजनाकडे बघत बसायचं नसतं, ते पुढे जिथे येणार असतं तिथे बघायचं असतं, हे तिला तिथे कळलं होतं. नेमबाजीत तिला वेगळं काही शिकावंच लागलं नाही. तिच्या मागे घडीच्या खुर्चीवर तिचे सासरे बसलेले असत. बॉयलरच्या कारखान्यात आयुष्य गेल्यामुळे त्यांना ऐकू जवळजवळ येत नव्हतं. बंदुकीचा बार हा जगातला एकच आवाज त्यांना पूर्ण समजे. म्हणून दर रविवारी ते सुनेबरोबर येत आणि तबकडी फुटली की गुडघ्यावर थाप मारत.

त्या दिवशी त्यांनी चोवीस थापा मारल्या. अधीक्षकांनी वहीत नोंद केली : ‘समक्ष चोवीस. वृद्ध इसमाचे प्रोत्साहन.’

मंडळाचे सचिव हे मूळचे चष्म्याचे दुकानदार. समोरचा जे म्हणेल ते त्यांना आधी पटत असे आणि मग कळत असे. त्यांनी अधीक्षकांना चहा दिला आणि समजावून सांगितलं की तबकड्या फोडणं हाच हा खेळ आहे. अधीक्षकांनी शांतपणे नमुना सात पुढे केला. त्यात तीन रकाने होते : दिलेली संख्या, परत आलेली संख्या, हरवल्यास कारण. तबकड्या परत आलेल्या नव्हत्या, हे उघड होतं. त्या हरवलेल्याही नव्हत्या, कारण तुकडे सापडत होते. चौथ्या रकान्याची सोय नव्हती.

“रकाना वाढवता येईल का?” सचिवांनी विचारलं.

“छापील नमुना आहे,” अधीक्षक म्हणाले. “खेळात बदल करणं त्या मानाने सोपं.”

आठवड्याभरात परिपत्रक निघालं. ज्या खेळाडूच्या हातून तबकडी फुटेल त्याने तीन दिवसांच्या आत प्रत्येक तबकडीमागे एक याप्रमाणे लेखी खुलासा तुकड्यांसह सादर करावा. ज्यांची कधी दोन-तीनच्या वर फुटत नव्हती त्यांना फारसा त्रास झाला नाही. क्रेनवालीच्या मात्र नाकी नऊ आले. बंदरावरून घरी आली की ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर तुकडे मांडून लिहायला बसे. नवरा पीठ मळता मळता शुद्धलेखन तपासून देई. सासरे डिंकाने तुकडे जुळवत बसत. त्यांना वाटे, सुनेने घरबसल्या विरंगुळा म्हणून काहीतरी आणलं आहे.

पहिल्या खुलाशात तिने लिहिलं होतं, तबकडी उडाली, मी बार काढला, ती फुटली. तो परत आला : कारण स्पष्ट होत नाही. तिने लिहिलं, ती फोडायचीच होती. तोही परत आला, या वेळी लाल शाईत : हेतू कबूल केल्याची नोंद घेण्यात येत आहे. तेव्हा सचिवांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की ताई, वाद कशाला, सरळ ‘अनवधानाने’ असं लिहा, सगळे कागद निघून जातील. तिला पटलं नाही, पण तिने लिहिलं. चोवीस वेळा अनवधानाने.

कागद निघून गेले ते थेट परवाना विभागात गेले. एका दुपारी चोवीस वेळा जिच्या हातून अनवधानाने बंदूक चालते अशा व्यक्तीला परवाना दिलाच कसा, अशी विचारणा तिथून झाली. तिला तपासणीला बोलावलं. डॉक्टरांनी हात पुढे करायला सांगितले. हात इतके स्थिर होते की डॉक्टरांनी शेरा लिहिला : थरथर नाही, संशयास्पद. परवाना राहिला, पण सहा महिन्यांच्या निरीक्षणाखाली.

हे सगळं चालू असताना देशाच्या संघासाठी निवड चाचणी जाहीर झाली. परदेशात मोठी स्पर्धा होती आणि मंडळातून एक खेळाडू जाणार होता. क्रेनवालीने हा दिवस सात वर्षं मनात धरला होता. कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. फक्त एकदा क्रेनच्या केबिनमध्ये बसून तिने खाली लागलेल्या जहाजाकडे बघत, आपणही असंच कुठेतरी जाऊ आणि आपल्याला तिथे कोणी उतरवून घेईल, असं मनाशी म्हटलं होतं.

चाचणीच्या आधी सचिवांनी तोडगा काढला. परंपरेप्रमाणे फुटलेल्या तबकडीला एक गुण मिळेलच. मात्र मालमत्तेची हानी झाल्याबद्दल तोच गुण वजा होईल. आणि जी तबकडी न फुटता भांडारात परत येईल तिला जतनाचा एक गुण. खेळही राहिला आणि तबकडीही राहिली, असं ते सगळ्यांना सांगत सुटले. नेम चुकलेली तबकडी खाली पडून फुटू नये म्हणून अधीक्षकांनी जुन्या ओळखीतून इस्पितळाच्या दोनशे चाळीस गाद्या मागवून मैदानभर अंथरल्या. रुग्णांची तात्पुरती पर्यायी व्यवस्था करण्यात आली.

मंडळाला असे दिवस कधी आले नव्हते. ज्यांना आयुष्यात काहीही टिपता आलं नव्हतं असे लोक सहकुटुंब सदस्य होऊ लागले. ‘जाऊ देण्याची कला’ या विषयावर एका बाईंनी तीन व्याख्यानं दिली. कार्यालयांतले मोठे अधिकारी आपल्या हाताखालच्यांना शनिवारी मैदानावर आणून एकत्र नेम चुकवू लागले; त्याने माणसं जोडली जातात, असं निघालं होतं. तबकडी सरळ जाऊन गादीवर टपकन पडली की प्रेक्षक टाळ्या वाजवत. एखाद्याच्या हातून चुकून फुटलीच तर लोक सभ्यपणे दुसरीकडे बघत.

या सगळ्यात औषधवाला पुढे आला. हा पन्नाशीचा, भित्रा आणि अतिशय सज्जन माणूस. कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान चालवायचा आणि डॉक्टरांनी मोकळी हवा सांगितली म्हणून मैदानावर यायचा. बंदुकीच्या बाराची भीती वाटत असल्यामुळे तो डोळे मिटून चाप ओढी. त्याच्या नावावर आजवर एकूण अकरा तबकड्या होत्या, त्यांतल्या दोन शेजारच्या ओट्यावरच्या. नव्या गुणपद्धतीत त्याला पहिल्याच दिवशी पंचविसापैकी पंचवीस मिळाले. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. त्याच्या संयमाबद्दल लेख आले. तो लाजेने अर्धा झाला.

एका संध्याकाळी तो क्रेनवालीच्या घरी आला. हातात खोकल्याच्या औषधाची बाटली होती. रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून दुकानातलं जे हाताशी लागलं ते त्याने उचललं होतं. तो खुर्चीच्या कडेवर टेकला. मग म्हणाला, “ताई, तुमची जागा आहे ती. मला नको. तुम्हाला चुकवायला मी शिकवतो.”

ती हसली नाही. तिला जायचंच होतं. पुढचा महिनाभर तो तिला शिकवत राहिला आणि ती मनापासून शिकत राहिली. पण डोळे मिटले तरी तबकडी कुठे असेल ते तिला कळे, आणि ते कळलं की बोट दाबलं जाई. मुद्दाम मागे नेम धरला की खांद्यात कळ येई, वीस टनांची पेटी हातातून सुटल्यावर येईल तशी. आधी ती पाच चुकवू शकली, मग नऊ, महिना संपता संपता सोळा. प्रेक्षक आता तिच्यासाठीही टाळ्या वाजवू लागले. सचिवांनी तिच्या प्रगतीबद्दल समाधान व्यक्त केलं.

गुणपद्धती बदलल्याचं सासऱ्यांना सांगायचं राहून गेलं होतं. त्यांना ऐकवायचं म्हणजे लिहून दाखवावं लागे, आणि हे लिहून दाखवण्यासारखं आहे असं तिला वाटलं नव्हतं. ते आपले खुर्चीवर बसून बार ऐकत आणि गुडघ्यावर हात बऱ्याचदा तसाच ठेवून देत. चाचणीच्या आदल्या रविवारी घरी जाताना त्यांनी बसमध्ये तिचा हात धरला. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ते सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाले, “सूनबाई, डोळे दाखवून घे. आणि तोवर क्रेनवर चढू नकोस. खाली माणसं असतात.”

बसमधल्या लोकांनी तिच्याकडे वळून पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

चाचणीला वरून एक मोठे अधिकारी आले होते. स्टँडमध्ये दीडशेच्या आसपास प्रेक्षक होते. ही चाचणी जगातली पहिली ‘शून्य हानी निवड चाचणी’ म्हणून गाजवायची असं अधीक्षकांनी ठरवलं होतं आणि तिचा यशस्वी समारोप झाल्याचा अहवाल वेळ वाचावा म्हणून आदल्या दिवशीच छापून घेतला होता. औषधवाल्याच्या सगळ्या पंचवीस तबकड्या ओळीने गादीवर उतरल्या. अधिकारी मान डोलावत होते.

मग क्रेनवाली ओट्यावर गेली. तिने मागे वळून सासऱ्यांकडे एकदा पाहिलं, बंदूक खांद्याला लावली आणि ‘सोड’ म्हणाली.

पहिली फुटली. दुसरी फुटली. पाचव्यानंतर स्टँडमध्ये कुजबुज थांबली. तबकड्या यंत्रातून सुटत आणि हवेत नारिंगी धूर होऊन जात. दहा, चौदा, एकोणीस. सासरे उभे राहिले होते. गुडघ्यावर थाप मारणं उभ्याने जमत नाही, म्हणून ते शेजारच्या खांबावर मारत होते. आयुष्यात कधी तिला पंचवीस मिळाले नव्हते. कुठलीतरी एक नेहमी निसटून जायची. त्या दिवशी ती एकसुद्धा निसटली नाही. पंचविसावी फुटल्यावर तिने बंदूक मधोमध दुमडून रिकामं काडतूस बाहेर काढलं. खांद्यात कळ नव्हती.

टाळी एकही वाजली नाही. अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. अधीक्षकांच्या हातात छापील अहवाल होता, त्यात हानी शून्य होती.

दुसऱ्या दिवशी तिला कार्यालयात बोलावलं. अधीक्षक रागावलेले नव्हते. उलट त्यांनी तिला बसायला सांगितलं आणि तिच्यासमोर एक टंकलेला कागद ठेवला. त्यात म्हटलं होतं की खेळाडूने पंचवीस बार काढले, एकही लागला नाही, सर्व तबकड्या सुस्थितीत जमा झाल्या. अहवालाशी हे जुळत होतं. भांडारातून पंचवीस कोऱ्या तबकड्या काढून गाद्यांवर ठेवण्याची व्यवस्थाही झाली होती. सही केली की तिचे आणि औषधवाल्याचे गुण समान होत होते, आणि अनुभव जास्त म्हणून संघात तिलाच पाठवायला कार्यालयाची हरकत नव्हती.

सचिव म्हणाले, ताई, एवढीशी सही आहे. जाऊन या. तिकडे गेल्यावर हवं ते फोडा.

ती कागद हातात धरून बसली. तिला जहाज आठवलं. खरं सांगायचं तर तिने पेन उचललंसुद्धा. दाराच्या काचेतून बाहेरच्या बाकावर बसलेले सासरे दिसत होते. ते आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येक शिपायाला बोटांनी दोनदा दहा आणि एकदा पाच असं करून दाखवत होते.

तिने कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूला लिहिलं : ‘पंचवीसच्या पंचवीस मी फोडल्या. मुद्दाम. अनवधानाने एकही नाही. स्टँडमध्ये बसलेल्या सर्वांनी पाहिलं आहे, त्यांना विचारावं.’ खाली सही केली.

खुलासा आला म्हणजे त्याची शहानिशा करणं नियमाने भाग होतं. अधीक्षकांनी सासऱ्यांची साक्ष नातेवाईक म्हणून बाद केली. औषधवाल्याची साक्ष घेतली. त्याने प्रामाणिकपणे लिहिलं की बार होताना माझे डोळे मिटलेले असतात, पण पंचवीस बार मी ऐकले आणि प्रत्येक बारानंतर काहीतरी फुटल्याचा आवाज आला. आवाज हा पुरावा नव्हे, असा त्यावर शेरा पडला. मग स्टँडमधल्या एकूण एकशे सेहेचाळीस प्रेक्षकांना घरपोच नमुना पाठवण्यात आला. प्रश्न एकच होता : ‘आपण तबकडी फुटताना पाहिली काय?’ उत्तरासाठी दोन ओळी सोडल्या होत्या. कुणावर दबाव नव्हता, कुणाला धमकी नव्हती. नमुन्यासोबत पोस्टाचं पाकीट जोडलेलं होतं.

आठ दिवसांत सगळी उत्तरं आली. मंडळाच्या इतिहासात इतका प्रतिसाद कशालाच मिळाला नव्हता. त्या उत्तरांच्या आधारे क्रेनवालीचा खुलासा खोटा ठरला. जी हानी झालीच नाही ती केल्याचा दावा केल्याबद्दल तिचं सदस्यत्व रद्द झालं. औषधवाला रडत रडत विमानात बसला आणि तिकडे शेवटचा आला. परतल्यावर त्याने दुकानाच्या पाटीवरून ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द दोनदा पुसला. मंडळाने तो दोनदा पुन्हा रंगवून दिला. क्रेनवाली रोज क्रेनवर चढते. तुकडे डिंकाने जुळवून तिच्या सासऱ्यांनी एक पूर्ण तबकडी केली आणि तिला दिली. ती तिने केबिनमध्ये काचेपाशी ठेवली आहे.

एकशे सेहेचाळीस नमुने कार्यालयात व्यवस्थित लावून ठेवलेले आहेत, कुणालाही अर्ज करून पाहता येतात. आम्ही पाहिले. एकाला नेमकी त्या वेळी शिंक आली होती. एकीचं लक्ष पर्समध्ये होतं. पुष्कळांना उन्हाने दिसलं नव्हतं. आकाश त्या दिवशी सकाळपासून भरून आलं होतं, पण ती बाब विचारलेली नव्हती. त्र्याहत्तर क्रमांकाचा नमुना तुमचा आहे. अक्षर सुरेख आहे, ओळी सरळ आहेत, खाडाखोड कुठे नाही. तुम्ही लिहिलं आहे की त्या संपूर्ण वेळात आपण खाली वाकून बुटाची नाडी बांधत होतो.

त्या दिवशी तुम्ही चपला घालून आला होतात.